दोन ते तीन, दार बंद

दुपारी दोन ते तीन शास्त्रबाईंच्या दाराला आतून कडी असायची. त्या तासात कुणी मेलं तरी बाई बाहेर येत नसत, आणि हे मी उगीच बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही. कंपाउंडाचे वॉचमन तात्या खरोखरच एका दुपारी अडीच वाजता गेले, बाईंच्या भिंतीला भिंत लागलेल्या खोलीत. रडारड झाली, माणसं धावली, बाईंचं दार बंदच. तीन वाजता कडी निघाली. बाई आल्या, तात्यांच्या बायकोशेजारी बसल्या आणि रोजचे दोन ते तीन सोडले तर तीन दिवस तिथून हलल्या नाहीत. तिला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, तिच्या शेळ्यासुद्धा बाईंनीच सोडल्या-बांधल्या. पुढे कुणीतरी टोमणा मारला, तेव्हा म्हणाल्या, "तात्यांना आता घाई न्हवती. मग मी कशाला करू?"

आमचं गाव शेवगावपासून दोन कोसांवर. गावाबाहेर मिशनचं कंपाउंड होतं: एक दगडी चर्च, चार वर्गांची शाळा आणि सहा कौलारू खोल्यांची ओळ. माझे वडील शाळेत मास्तर होते. शेवटच्या खोलीत शास्त्रबाई राहायच्या. त्यांचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या वहीत होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. खेडोपाडी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं आणि प्रभूची गोष्ट सांगायची, या कामावर मिशनने त्यांना नेमलं होतं. बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, मूल नाही, शिक्षण सातवी. अशा बाईला मिशनमध्ये तेव्हा दोनच कामं मिळत, वसतिगृहात भाकरी थापायचं, नाही तर हे. "भाकरी मला गोल जमत न्हवती," असं कारण त्या सांगत.

रोजचं हे बसणं त्यांना एका म्हाताऱ्या मडमेनं शिकवलं. मायदेशी परत जाण्याआधीची शेवटची दोन वर्षं ती आमच्या कंपाउंडात होती. तिचं म्हणणं असं की गाण्यात, भाषणात, मोठ्यानं केलेल्या प्रार्थनेत देव सापडेलच असं नाही. तो माणसाच्या आत राहतो. रोज एक तास आत जायचं, काही मागायचं नाही, काही म्हणायचं नाही, कुणाच्या तरी दाराशी उभं राहावं तसं थांबायचं. तो येतो. मडमेकडे तो सात वर्षांनी आला होता. कसा आला हे तिला मराठीत सांगता येईना. छातीत काहीतरी गरम झालं, एवढं सांगून तिनं तिथे हात ठेवला आणि रडायला लागली. बाईंनी त्या रडण्यावर विश्वास ठेवला. "मडमेला सात लागली," त्या म्हणायच्या, "मला चौदा धरू. तिच्या घरी नोकर हुते. मला पानी भरायचं असतं."

मला कळायला लागलं तेव्हा ती चौदा वर्षं उलटून गेली होती.

खोलीत एक पाट होता आणि समोर कोरी भिंत. क्रूस नाही, चित्र नाही, कॅलेंडरसुद्धा दाराच्या मागे. चित्र असलं की त्यातल्या मेंढ्याच मोजत बसते, असं त्यांचं म्हणणं. तीनला आमच्या शाळेची छोटी सुट्टी व्हायची. मी पळत त्यांच्या दाराशी जायची, कारण कडी काढल्यावर पहिलं काम म्हणून त्या गूळ-शेंगदाण्यांचा डबा उघडत. मी विचारायची, "बाई, आलं का कुणी?"

"न्हाई. उद्या बघू."

पोस्टमनविषयी बोलावं तसं बोलायच्या. वर्षानुवर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मूठभर शेंगदाणे घेऊन मी परत शाळेत.

सकाळी त्या पांढरं पातळ नेसून, खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव हिंडत. शेतकऱ्यांच्या घरच्या बायका कापसातली सरकी काढत, तूर पाखडत ओट्यावर बसलेल्या असत, बाई त्यांच्यात बसत आणि हाताला लागेल ते काम करत. बायका थट्टेनं विचारायच्या, "बाई, तुमाला तरी भेटला का हो तुमचा देव?"

"मला न्हाई भेटला अजून. पन पत्ता बरोबर हाय म्हन्त्यात."

"आमचा तर पत्ताबी न्हाई. बसा, च्या घ्या."

अशानं कोण ख्रिस्ती होणार? कुणीच झालं नाही. पण ही बाई खोटं बोलत नाही, हे चार गावांत पक्कं झालं. सोयरीक ठरवायची असली की मुलगा कसा आहे हे विचारायला लोक बाईंकडे येत. मिशनच्या साहेबांना त्यांची उत्तरं कळली तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. तुम्ही स्वतःच असं सांगितलंत तर लोक विश्वास कसा ठेवतील, म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग साहेब, तुमीच चला एक दिवस. तुमाला भेटला आसंल ना." साहेबांनी विषय बदलून विहिरीच्या दुरुस्तीवर नेला.

बसण्याआधी भांडी घासलेली असली पाहिजेत, हा बाईंचा नियम होता. खरकटं पडलेलं असताना कडी लावायची नाही. "नेमका आजच आला आनि खरकटं बघितलं तर?" आता शेवगावात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. दुपारी शटर ओढण्याआधी काचेच्या सगळ्या नळ्या धुऊन पालथ्या घातल्याशिवाय मला जाववत नाही. कामाला ठेवलेल्या मुली म्हणतात, मॅडम, आल्यावर धुतलं तर काय बिघडतं? काही बिघडत नाही.

आता माझी गोष्ट. चौदा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाईंना म्हटलं, मलाही बसायचंय. त्यांनी शेजारी दुसरा पाट ठेवला. पहिले दोन दिवस मी माश्या मोजल्या. पुढचे पाच दिवस कौलांतून येणारे कवडसे मोजले. आठव्या दिवशी मला त्या खोलीचा, त्या भिंतीचा आणि मुख्य म्हणजे त्या रोजच्या 'न्हाई'चा इतका कंटाळा आला होता, की तीन वाजता बाईंनी कडी काढण्याआधी मी म्हटलं, "बाई, मला उजेड दिसला."

बाईंचा हात कडीवरच राहिला. "कसा?"

"पिवळा. आणि छातीत गरम झालं."

त्यांनी मला परत पाटावर बसवलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं, थोडं वाढवूनच. "तुला आठ दिवसांत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यात थोडा तरी हेवा असता तर मी तिथल्या तिथे खरं सांगून टाकलं असतं. नव्हता. "म्हंजे पत्ता बरोबर हाय, मार्थे." त्या दिवशी शेंगदाण्यांचा डबा उघडायचा त्या विसरल्या.

सुट्टी संपली आणि मी बसायचं सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही. भेटलं त्याला रोज कशाला बसायचं, असं त्यांनी धरून घेतलं असावं.

पुढे मी नगरला शिकायला गेले, लग्न झालं, शेवगावच्या स्टँडजवळ लॅब टाकली. मिशनचे पैसे येणं थांबलं, शाळा बंद पडली, बाई निवृत्त झाल्या, त्याच खोलीत राहिल्या आणि जमेल तसं गावोगाव जात राहिल्या. मी दर रविवारी उपासनेला गावी जायची. मंडळीचं सचिवपण माझ्याकडे आलं, कारण लिहिण्याचं काम दुसरं कुणी घेत नव्हतं. बाई अजून दोन ते तीन बसत. त्या गावोगावच्या बायकांशी काय बोलतात याची चौकशी मी कधी केली नव्हती.

मग एका सकाळी लॅबच्या काउंटरपाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चार गावं पलीकडच्या, शेतकरी घरातल्या, डोक्यावरून पदर. मी विचारलं, "उपाशीपोटी आलात का?"

"तपासाया न्हाई आले, ताई. उजेड दिसला हुता त्या तुमीच का?"

मला आधी काही कळेना. त्या म्हणाल्या, "माजी लेक गेली, दिवाळीच्या आदी. एकोनीस वर्साची हुती. शास्त्रबाई म्हनल्या, मला न्हाई कुनी भेटलं, पर आमच्या कंपाउंडातल्या पोरीला दिसलंय, तिचं त्वांड मी माज्या डोळ्यांनी बगितलंय, तिला जाऊन इचारा. म्हनून आले. आसतं का ताई आत कुनी?"

माझ्या हातात सुई होती आणि मागे चार जण रांगेत होते. मी म्हटलं, "हो, असतं." तेच सगळ्यात लवकर संपणारं उत्तर होतं. त्या वाकल्या आणि माझ्या चपलांना हात लावून निघून गेल्या.

शटर ओढून मी दुपारीच स्कूटीवर गावी गेले. तीन वाजून गेले होते. बाई दारात बसून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "बाई, तो उजेड मी खोटा सांगितला होता."

"कोनता?"

"मी चौदा वर्षांची असताना. पाटावर."

त्यांचा हात थांबला नाही. दोन खडे काढून त्यांनी बाजूला टाकले. "छातीत गरम झालं म्हनालीस ते?"

"ते मडमेचं. तुम्हीच सांगितलं होतं."

"आनि पिवळा?"

"कौलांतला कवडसा होता."

"हं." सूप त्यांनी खाली ठेवलं. "किती वर्सं झाली?"

"सव्वीस."

मी म्हटलं, "रागवा तरी." त्या म्हणाल्या, "तुज्यावर कशाला? पोरीच्या तोंडाकडं बगून मीच बसले. उशीर केलास मार्थे, पन बरं केलंस. च्या ठेवू?"

लॅबवर कोण आलं होतं तेही मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शास्त्रबाई त्या बाईच्या गावी गेल्या आणि तिला सगळं खरं सांगून आल्या. ती म्हणाली, "हे सांगाया कशाला आलात? काल मला झोप लागली हुती." आणि दार लावून घेतलं. बाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाल्या, "तिच्या जागी मीबी दार लावलं असतं."

त्यानंतरच्या मंगळवारी औषध द्यायला मी गेले तेव्हा दोन वाजले होते आणि बाईंचं दार सताड उघडं होतं. त्या गवार मोडत होत्या. मी म्हटलं, "बाई, दोन वाजले."

"वाजू दे."

पाट उभा करून भिंतीला टेकवला होता. पुढच्या आठवड्यात तो आडवा झाला आणि त्यावर पाण्याची कळशी आली. मला वाटत होतं, खरं सांगून टाकलं की दोघींनाही हलकं वाटेल. मला दोन दिवस वाटलं. बाई मात्र दुपारी झोपायला लागल्या, मग सकाळीही. ओट्यांवर जाऊन बसणं त्यांनी सोडलं. कंपाउंडातले म्हणाले, वय झालं. मी मान डोलावली.

दोन वर्षांनी मंडळीत नवे पाळक आले, तरुण, उत्साही. आमच्या उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे: आजार बरा झाला, दारू सुटली, मुलाला नोकरी लागली, की माणूस उभा राहतो आणि देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. शास्त्रबाई उभ्या आयुष्यात साक्षीला उभ्या राहिल्या नव्हत्या. चर्चच्या वर्धापनदिनाला पाळकसाहेबांनी त्यांना न विचारताच जाहीर केलं, आज शास्त्रबाई साक्ष देतील. बाई बाकाला धरून उठल्या.

"पन्नास वर्सं रोज एक तास आत जाऊन बसले," त्या म्हणाल्या. "आत कुनी न्हवतं. आता बसत न्हाई. एवढंच हाय."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "आमेन" म्हणालं. मग दुसरं. एका बाईला हुंदका आला. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मंडळी, याला म्हणतात नम्रता. ज्याला खरोखर भेटतो, तो भेटला असं कधी म्हणत नाही." पुढचं अर्धा तासाचं प्रवचन त्यावरच झालं. बाहेर पडताना लोकांनी बाईंना गराडा घातला. एकीने तापानं फणफणलेलं लेकरू पुढे केलं, डोक्यावर हात ठेवा म्हणाली. बाईंनी ठेवला, आणि "दवाखान्यात ने आधी" असंही सांगितलं. मग गर्दीतून मला शोधून विचारलं, "मार्थे, मी मराठीतच बोलले ना?"

त्या दिवसापासून त्या संत झाल्या. काय बोलतील त्याचा उलटा अर्थ निघायचा. जेवल्या नाहीत तर उपास, झोपल्या तर ध्यान. पंधरा-वीस वर्षं शेजारी राहिलेली माणसंसुद्धा दबकून "सलाम, बाई" म्हणायला लागली. खोलीत कळशीखाली पाट होता, तो एकाने कळशी उतरवून धुऊन घरी नेला.

तीन वर्षांनी त्यांना कावीळ झाली. रक्त मीच तपासलं. मग नगरला नेऊन सोनोग्राफी केली आणि साधी कावीळ नाही हे कळलं. परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "किती दिस?"

"दिवाळी होईल. नाताळाचं सांगता येत नाही."

"बरं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक काम कर. दगडावर भेटला-बिटला काय लिहू देऊ नको. नाव लिही, तारखा लिही."

"आणि वाट पाहिली, असं?"

"तेबी नको. लोक त्याचंबी कायतरी करत्यात."

मी शब्द दिला. माझ्या शब्दाची किंमत किती, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी हातावर हात ठेवला नाही की काही नाही, खिडकीतून उसाच्या बैलगाड्या बघत राहिल्या.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याजवळ होते. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी डोळे मिटले. झोपल्या होत्या की पुन्हा एकदा बसल्या होत्या, मला कळलं नाही. तीनला डोळे उघडले. किती वर्षांनी कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "बाई, आलं का कुणी?"

त्यांनी खरोखर विचार केला. नीट, पूर्ण.

"न्हाई."

नेहमीचे पुढचे दोन शब्द म्हणाल्या नाहीत. सहा वाजता गेल्या.

मंडळीच्या पंचांची बैठक झाली. दगडावर नावाखाली 'प्रभू हिला भेटला' असं कोरायचं, असा ठराव झाला. मी विरोध केला, बाईंचा निरोप सांगितला. पंच म्हणाले, नम्रतेनं बोलल्या असतील. ठराव वहीत मलाच लिहावा लागला. पण केडगावला जाऊन दगड सांगायचं कामही माझ्याकडेच होतं. कोरणाऱ्याला मी नाव आणि दोन तारखा एवढंच दिलं. दगड बसवल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "वाक्य राहिलं." मी म्हटलं, "राहिलं."

नाताळाच्या आधी आमच्याकडे पोरं सगळ्या कबरींना चुना देतात. त्या वर्षी त्यांनी बाईंच्या नावाखाली निळ्या ऑइलपेंटने ते वाक्य लिहून टाकलं. जानेवारीत मी टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन गेले आणि पुसलं. पुढच्या डिसेंबरला पुन्हा लिहिलेलं होतं, जानेवारीत मी पुन्हा पुसलं. सहा वर्षं असं चाललं. मी पुसते हे सगळ्यांना माहीत होतं, ते लिहितात हे मला. रविवारी आम्ही एकमेकांना सलाम करायचो आणि शेजारी बसून गायचो.

मधल्या काळात पोरं एकेक करून पुण्याला, चाकणला गेली. पाळकसाहेबांची बदली झाली, नवे कुणी आले नाहीत. आता उपासनेला आठ-दहा डोकी असतात, त्यात कानानं नीट ऐकू येणारी निम्मी. यंदा जानेवारीत मी बाटली घेऊन गेले, तर कबरींना चुनाच दिलेला नव्हता. बाईंच्या दगडावर धूळ, नाव आणि दोन तारखा. पुसायला काही नव्हतं. त्यांना पाहिजे होतं तसं अखेर झालं, कारण लिहायला कुणी उरलं नाही.

दोन वाजले होते. लॅब तीनला उघडायची होती. मी बाजूच्या कठड्यावर बसले. काही मागितलं नाही, काही म्हटलं नाही. उन्हं होती, बाभळीवर होले घुमत होते. तीनपर्यंत बसले. कुणी आलं नाही.

हे मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणी दुसरं काही सांगणार नाही.